कौसाबाईंचं अकरा ग्रॅम रक्त

दवाखान्यात काम केलेल्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. त्यातून आम्ही लॅबवाले! माणूस आमच्याकडे येतो तोच घाबरलेला, बाही वर करून, तोंड दुसरीकडे फिरवून. आणि घाबरलेला माणूस काय वाट्टेल ते बोलतो. निवृत्त झाल्यापासून आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींची मला फर्माईशच असते, "वसंतराव, लॅबमधला एखादा होऊन जाऊ दे!" मग मी सांगतो, ते हसतात, तेवढ्यात चहा येतो.

गंमत अशी, की माझ्या सगळ्या किश्शांत शेवटी गाढव ठरतो तो मीच. ऐकणाऱ्यांना वाटतं, काय विनयी माणूस आहे! विनय कसला डोंबलाचा, जे झालं ते सांगतो. त्यातला एक मात्र मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. सांगायला तोंड उघडलं की शरम वाटते. आज सांगून टाकतो, पण त्याच्या आधीचे ऐकल्याशिवाय तो कळायचा नाही.

गोष्ट बहात्तर-त्र्याहत्तरची. श्रीरामपूरच्या बाजूला एका ट्रस्टचा वीस खाटांचा दवाखाना होता. व्हरांड्याच्या टोकाला एक खोली, ती लॅब. लॅबचा स्टाफ म्हणजे मी. वय चोवीस, पुण्याहून कोर्स करून आलेलो, डोक्यात वारं भरलेलं. डॉक्टर एकच, इनामदारबाई. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, पोस्टानं विलायती जर्नलं मागवून दुपारी वाचत बसणाऱ्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. कारभार बघायला सेक्रेटरीसाहेब. आणि लॅब झाडायला, काचा धुवायला कौसाबाई.

कौसाबाई मिरजगावकडच्या. नवरा वारलेला, सात-आठ वर्षांची मुलगी बरोबर. भावाच्या टोळीतून कारखान्यावर ऊस तोडायला आल्या होत्या, पण मोळी डोक्यावर घेतली की दहा पावलांत धाप लागायची. मुकादम म्हणाला, ही बाई नको. बाईंनी त्यांना दवाखान्यात रोजंदारीवर ठेवून घेतलं. सेक्रेटरींनी सांगितलं, "वर्षभर काम बघू, मग कायम करायचं का ते ठरवू." कायम झाल्या तर दवाखान्यामागची एक खोली मिळणार होती, मुलगी शाळेत राहणार होती. नाही झाल्या तर पुन्हा हातात कोयता, नाहीतर परत गावाकडे. आणि गावाकडे त्या वर्षी प्यायला पाणी नव्हतं.

* * *

आल्यापासून महिन्याभरातच सेक्रेटरींची तक्रार आली. "ही बाई व्हरांडा झाडताना मध्येच खांबाला टेकून बसते."

बाईंनी कौसाबाईंना उजेडात उभं केलं, बोटानं डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. "वसंता, पांढुरकी वाटते रे. हिमोग्लोबिन कर."

तेव्हा आमच्याकडे हिमोग्लोबिनची एक पेटी होती, माझ्याही आधीपासूनची. तिच्यात तपकिरी रंगाच्या पाण्याच्या दोन सीलबंद नळ्या, मध्ये रिकामी नळी. बोटातून काढलेलं रक्त अॅसिडात घालायचं, ते तपकिरी होतं. मग थेंब थेंब पाणी घालत रंग फिका करत जायचा. शेजारच्या नळ्यांशी रंग जुळला की थांबायचं, आणि मधल्या नळीवरचा आकडा वाचायचा. रंग नीट दिसावा म्हणून मी ती पेटी कायम दक्षिणेच्या खिडकीत ठेवत असे, भर उन्हात. माझ्या टापटिपीचा मला अभिमान होता.

आकडा आला अकरा. मी मोठ्या आवाजात जाहीर केलं, "अकरा ग्रॅम! बाईमाणसाला काय वाईट आहे?"

बाई पुन्हा पापणीकडे बघत होत्या. मी म्हणालो, "बाई, डोळा फसतो, काच फसत नाही!"

"म्हंजी रगत चांगलं हाय माजं?" कौसाबाईंनी विचारलं.

"ठणठणीत!"

"मंग धाप का वो लागती, भाऊ?"

"अहो, कामाची सवय नाही तुम्हाला!"

उन्हातान्हात ऊस तोडलेल्या बाईला, पुण्याहून आलेला, पेन्सिलीपेक्षा जड काही न उचललेला मी हे ऐकवत होतो! बाईंनी पुढचा पेशंट बोलावला. रिपोर्ट कौसाबाईंच्या फायलीला लागला, खाली माझी झोकदार सही.

* * *

बेलापूरचे एक शेठ होते, गुळाचे व्यापारी. मधुमेह जुना, पथ्य शून्य. पायाला एक जखम झालेली, ती महिनाभर भरत नव्हती. बाईंनी सकाळी उपाशीपोटी रक्तातली साखर तपासायला पाठवलं. मी नऊ वाजता रक्त काढलं, नळी स्टँडवर ठेवली, आणि तेवढ्यात समोरच्या हॉटेलात रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री सुरू झाली.

तपासणी केली चार वाजता. साखर अगदी नॉर्मल!

दुसऱ्या दिवशी शेठ पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. सगळ्या स्टाफला वाटले, दोन स्वतः खाल्ले. "आता जिंकलो!" म्हणाले. मीही दोन खाल्ले.

बाईंना पेढा गोड लागला नाही. "वसंता, रक्त किती वाजता काढलंस? आणि तपासलं किती वाजता?" मी सांगितलं. "नळीत ते औषध घातलं होतंस का, ज्यानं साखर जशीच्या तशी राहते?" नव्हतं घातलं, घाईत राहून गेलं होतं.

"अरे, नळीत गेलं म्हणून रक्त मरत नाही. लाल पेशींचं पोट साखरेवरच भरतं. तू सात तास कॉमेंट्री ऐकलीस, तेवढ्या वेळात त्या जेवल्या!"

हा किस्सा मी सांगतो तेव्हा मंडळी खो खो हसतात. पुढचं मी सांगत नाही. शेठ ते दोन पेढे खाऊन थांबले नव्हते, पुढचे दहा दिवस त्यांनी मनसोक्त गोड खाल्लं. पुन्हा तपासायला बोलावलं तर म्हणाले, एकदा पास झालो ना! साखर चढली, जखम चिघळली, आणि शेवटी पुण्याला नेऊन पायाची दोन बोटं काढावी लागली. नंतर भेटायला आले तेव्हा मला हात जोडून म्हणाले, "तुमचा रिपोर्ट चांगला होता हो, माझंच नशीब फुटकं." मी त्यांच्यासाठी चहा मागवला. तेव्हा बोलायला हवं होतं.

* * *

या प्रकारानंतर बाईंनी माझा क्लास घ्यायचा ठरवलं. दुपारी पेशंट नसले की लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसायच्या. "तुला वाटतं लाल पेशी म्हणजे नुसत्या हमाल. फुप्फुसातून ऑक्सिजन उचलायचा, अंगभर पोचवायचा, संपलं. तसं नाही रे. साखरेवर जगायचं आणि त्यातून मिळालेल्या बळावर स्वतःला टिकवायचं, हे एक. दुसरं म्हणजे रोगाशी झुंज. शरीरानं ज्या जंतूंवर खूण केली, ते जंतू या पेशींना चिकटतात, आणि त्यांना वाहून यकृतात, प्लीहेत नेऊन दिलं जातं. तिथं त्यांचा निकाल लागतो. म्हणजे अन्न आणि संरक्षण, दोन्ही खाती इथं एकमेकांना भेटतात. रक्त कमी पडलं की नुसती धाप लागत नाही, माणूस येईल त्या रोगाला बळी पडतो."

मी वहीत उतरवून घेत होतो, घेतल्यासारखं करत होतो म्हणा. कौसाबाई मोरीपाशी काचा धूत होत्या. त्यांनी मान वर केली.

"म्हंजी वझं बी वाहायाचं, आन चोर बी धरून द्यायाचं? किती दिस करत्यात वो बिचाऱ्या?"

"चार महिने," बाई म्हणाल्या. "मग जुन्या काढून टाकतात, नव्या येतात."

"चार म्हैन्यांनी काढत्यात? कायम करत न्हाईत?" कौसाबाई म्हणाल्या, "मंग तितं बी आपलंच सेक्रेटरीसायेब हायेत म्हना की!"

बाई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसलो. कौसाबाई त्या वर्षभर दर आठवड्याला तापानं नाहीतर खोकल्यानं एखादा दिवस तरी अंथरूण धरत होत्या, आणि बाईंनी आत्ताच सांगितलेलं वाक्य मी त्यांच्याशी जोडून बघितलं नाही. वहीत मात्र ते सुवाच्य अक्षरात होतं!

* * *

आता टेबलाचा किस्सा. यातही पेशीच आहेत.

रक्ताची एक तपासणी असते. उभ्या बारीक नळीत रक्त ठेवायचं आणि तासाभरात लाल पेशी किती खाली बसल्या ते मोजायचं. अंगात कुठे रोगाशी झगडा चालू असला की पेशी एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात. टीबीचा संशय आला की ही तपासणी हमखास व्हायची. अट एकच, नळी सरळ उभी हवी.

त्या पावसाळ्यात, म्हणजे पाऊस न आलेल्या पावसाळ्यात, आमच्या दवाखान्यात टीबीच्या संशयितांची रांग लागली. ज्याचं रक्त काढावं त्याच्या पेशी धावत खाली! त्यात गावातल्या शाळेचे पी. टी.चे मास्तर सापडले. रोज शंभर जोर काढणारा माणूस. साधी सर्दी झाली म्हणून आले होते. मी तीनदा तपासलं, तीनदा आकडा वाढलेला. बाईंनी त्यांना एक्स-रेला नगरला पाठवलं.

मास्तर आठ दिवस थांबले आणि मग नगरला गेले. त्या आठ दिवसांत त्यांनी मुद्गल विद्यार्थ्यांना देऊन टाकले, वाजवायची पेटी देवळाला दिली, आणि नऊ वर्षं ज्याच्याशी बोलणं नव्हतं त्या भावाच्या घरी जाऊन गळ्यात पडून रडले. एक्स-रे स्वच्छ निघाला! मास्तर नगरहून थेट लॅबमध्ये आले आणि माझी कॉलर धरून म्हणाले, "मुद्गल परत मागता येतील. आता त्या भावाचं मी काय करू?"

त्याच आठवड्यात छत दुरुस्त करायला गवंडी आला होता. बाईंच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, त्यांनी त्याची सपाटी मोजायची पाणसळ मागून घेतली आणि माझ्या टेबलावर ठेवली. बुडबुडा पार कोपऱ्यात जाऊन बसला. टेबलाचा एक पाय वाळवीनं खाल्ला होता. टेबल तिरकं, स्टँड तिरका, नळ्या तिरक्या. तिरक्या नळीत पेशी घसरगुंडीवरून यावं तशा खाली येतात.

"वसंता, सगळा तालुका धडधाकट आहे," बाई म्हणाल्या. "तुझं टेबल तेवढं आजारी आहे!"

कौसाबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "म्या तीन म्हैनं सांगतीय भाऊंना, ह्या टेबलावरनं बाटल्या घरंगळत्यात म्हनून."

त्या खरंच सांगत होत्या. मला ती सबब वाटायची. बाटल्या फुटल्या, नळ्या फुटल्या, म्हणून मी त्यांच्याविरुद्ध सेक्रेटरींकडे दोनदा लेखी तक्रार केली होती. "हातात जोर नाही, काळजी घेत नाही," असे माझे शब्द. टेबलाचा पाय दुसऱ्या दिवशी बदलला. तक्रारी मागे घ्यायला मी गेलो का? नाही गेलो. कमीपणा वाटला. त्या फायलीत तशाच राहिल्या.

* * *

दुष्काळ वाढत गेला. जवळच तलावाचं काम निघालं होतं, शेकडो बायका माती वाहत होत्या. बाई म्हणाल्या, "यांची रक्तं तपासू. निम्म्याजणी पांढऱ्याफटक दिसतात." आम्ही पेटी घेऊन कामावरच गेलो. दिवसभरात मी चाळीसजणींची बोटं टोचली. कुणाचं साडेदहा, कुणाचं अकरा, एकीचं तर तेरा!

बाई आकड्यांकडे बघतच राहिल्या. तिथं एक पाहणीला आलेले साहेब होते, त्यांना मात्र फार आनंद झाला. त्यांनी कागद मागून घेतला. पुढे कुठल्याशा बैठकीत त्यांनी तो वाचून दाखवला म्हणे, की आमच्याकडे दुष्काळातसुद्धा बायकांची रक्तं उत्तम आहेत! त्या कामावर बायकांना गूळ-शेंगदाणे द्यायचं बोलणं चाललं होतं, ते मागे पडलं. "रक्त उत्तम आहे तर कशाला?"

मला त्या साहेबांनी शाबासकी दिली. पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुमच्यासारखी तरुण मंडळी हवीत." मी ती थाप घरी बायकोला दोनदा सांगितली.

* * *

बायको म्हणजे शालिनी. तिचं पहिलं बाळंतपण आमच्याच दवाखान्यात झालं. मुलगी झाली, सकाळी दहाला. अकराला बाई लेबररूमच्या बाहेर आल्या, हात कोपरापर्यंत लाल. "वसंता, रक्तस्राव थांबलाय, पण फार गेलंय. एक बाटली रक्त लागेल, आत्ता. नगरहून आणायला वेळ नाही."

शालिनीचा गट बी. माझा ए. हौसेनं मी सगळ्या स्टाफचे गट तपासून लॅबच्या भिंतीवर तक्ता लावला होता, त्यात ओ गट कुणाचाच नाही आणि बी गट एकच. कौसाबाई.

त्यांना विचारायची वेळच आली नाही. त्या हातातलं फडकं टाकून आल्या होत्या. "घ्या की माजं! रगत चांगलं हाय, भाऊंनीच सांगितलंय."

बाईंनी मला बाजूला घेतलं. "हिमोग्लोबिन आत्ता कर. बारा असेल तरच घेईन, नाहीतर नाही. हिला धोका नको."

मी पेटी काढली. आकडा आला अकरा, अगदी बरोबर अकरा. मी आणखी दोन थेंब पाणी घालून बघितलं, रंग फारच फिका झाला. आत शालिनी पांढरी पडून निजली होती. मी कागदावर बारा लिहिलं आणि बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि सुई मागितली.

बाटली भरत असताना कौसाबाई खुशीत होत्या. मला म्हणाल्या, "आता सेक्रेटरीसायबाला कळू द्या. आळशी मानूस रगत देतो व्हय?"

शालिनी वाचली. कौसाबाई त्यानंतर पंधरा दिवस पायरीवर बसत बसत व्हरांडा झाडायच्या. सेक्रेटरी म्हणाले, "एक बाटली दिली म्हणजे जन्मभर बसायचा परवाना मिळाला का?" मी तिथंच उभा होतो. मला त्यांचं म्हणणं पटलं नव्हतं, पण मी मान डोलावली.

* * *

दोन महिन्यांनी पुण्याहून हिमोग्लोबिनची नवी पेटी आली. बाईंनीच मागवली होती. मी उत्साहानं उघडली. पहिलं रक्त स्वतःचंच तपासलं. तेरा.

मग सहज म्हणून जुन्या पेटीत तपासलं. साडेएकोणीस!

आधी वाटलं, नवी पेटी बिघडलेली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग दोन्ही पेट्यांतल्या तपकिरी नळ्या काढून खिडकीत शेजारी शेजारी धरल्या. नवी नळी कोऱ्या चहासारखी. जुनी म्हणजे चहा पिऊन कप विसळलेल्या पाण्यासारखी. वर्षानुवर्षं खिडकीतल्या उन्हानं तिचा रंग उडाला होता, आणि त्या उडालेल्या रंगाशी जुळवायला मी प्रत्येकाच्या रक्तात पाणी ओतत सुटलो होतो. जेवढं पाणी जास्त, तेवढा आकडा मोठा!

आणि मला कळायला हवं होतं. धडधाकट पुरुषांचे आकडे एकोणीस-वीस यायचे, तेव्हा 'एवढं कसं असेल' म्हणून मीच ते पंधरा-सोळा करून लिहायचो. बायकांचे अकरा यायचे ते तसेच ठेवायचो, कारण ते दिसायला बरोबर दिसायचे. तलावावरच्या चाळीस बायका डोळ्यांपुढून गेल्या. त्यातली कुणीही अकराची नव्हती.

कौसाबाईंना बोलावलं, काही कारण न सांगता बोट टोचलं. नव्या पेटीत आकडा आला सहा. सहालाही थोडा कमीच.

मी तो कुठेच लिहिला नाही. चार दिवस गप्प राहिलो. मला माझ्या नोकरीची भीती वाटली, हे सरळच सांगतो. घरी तान्ही मुलगी होती. पण घरी तान्ही मुलगी होती आणि तिची आई जिवंत होती ती कुणामुळे, हेही मला चारही दिवस ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी सेक्रेटरींनी कौसाबाईंना चिठ्ठी दिली. एक तारखेपासून काम बंद. कौसाबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून त्या ती माझ्याकडेच घेऊन आल्या. "काय लिवलंय भाऊ?" मी वाचलं. "रक्त तपासणीत दोष नाही. काम टाळण्याची वृत्ती. काचसामानाची हानी." सगळं माझ्याच रिपोर्टावरून आणि तक्रारींवरून उतरलेलं होतं, फक्त सही सेक्रेटरींची.

मी चिठ्ठी घेऊन बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. नळीचं, अकराचं बारा केलेलं, तक्रारींचं, सगळं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "मला डोळ्यांनी दिसत होतं रे. दिसत असून मी तुझा आकडा मानला." त्यांनी असं म्हणायला नको होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या तशाच सेक्रेटरींकडे गेल्या. आतून अर्धा तास आवाज येत होता. शेवटी ठरलं ते असं. कौसाबाईंना तीन महिने मुदत. तीन महिन्यांनी रक्त दहा भरलं आणि काम झेपलं तर कायम. नाही भरलं तर कोयता. माझं काय करायचं ते बाईंवर सोपवलं, आणि बाई म्हणाल्या, "राहू दे. आता हा नीट मोजेल."

कौसाबाईंच्या पोटात जंत निघाले, रक्त पिणारे. त्यावर औषध दिलं. आणि लोहाच्या लाल गोळ्या, रोज तीन. दवाखान्यात गोळ्यांचा तुटवडा होता, तरी बाईंनी महिन्याच्या मोजून दिल्या. "कौसा, एकही चुकवायची नाही. या गोळ्यांवर तुझी नोकरी आहे, समजलं?"

"समजलं जी."

मग बाई माझ्याकडे वळल्या. "बाकीचं तिला तू सांगायचंस."

मी मोरीपाशी जाऊन सांगितलं. की माझी पेटी खोटी होती. तुमचं रक्त पहिल्यापासून कमी होतं. धाप लागायची ती त्यामुळेच, तापही त्यामुळेच. तुम्ही आळशी नव्हता, चूक माझी होती. एका दमात बोललो, खाली बघून. फक्त 'माफ करा' म्हणायचं राहून गेलं, तोंडातून निघालंच नाही.

कौसाबाई हातातली काच धूत राहिल्या. ती पालथी घालून म्हणाल्या, "म्हंजी वैनीला दिलं, तवाबी कमीच हुतं?"

"हो."

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, आता हिच्या ध्यानात आलं, मी हिचं काय केलं ते.

* * *

तिसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी घरी दाढी करत होतो. शालिनी मुलीला घेऊन दारात उन्हाला बसली होती. कौसाबाई आल्या. त्या आमच्या घरी कधी येत नसत. उंबऱ्याबाहेरच बसल्या, आधी थोडा वेळ धाप टाकली. मग पदराची गाठ सोडली आणि आतल्या लाल गोळ्या शालिनीपुढे ओतल्या. पदराला गोळ्यांचा रंग लागला होता.

"वैनी, म्या तुमाला रगत दिलं न्हवं, त्ये पातळ निघालं. मला ठावं न्हवतं, देवाशप्पत! ह्या निम्म्या गोळ्या तुमच्या. रोज तीन खावा, भरून निघल. आन मला माफी करा."

मी हातात वस्तरा घेऊन तसाच उभा राहिलो. शालिनीला काहीच ठाऊक नव्हतं, मी तिला काही सांगितलेलं नव्हतं. तिनं एकदा गोळ्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"अहो, काय म्हणतायत या?"

मी तोंड उघडायच्या आत कौसाबाईच घाईघाईनं बोलल्या.

"त्यास्नी काय इचारता, वैनी? त्येंचा काय दोस? रगत तर माजं हुतं!"